पाटी बदलत गेली, नाव ‘बोर्ड’च राहिलं

गंगाखेडच्या बसस्थानकात सकाळची परभणीची गाडी लागते तेव्हा चढणाऱ्यांत एखादा माणूस हमखास असा असतो: ताठ चालणारा, गुळगुळीत दाढी केलेला, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेले कागद. कुठं निघालात म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘बोर्डात.’ नवख्याला वाटतं, पोराच्या दहावीच्या मार्कलिस्टचं काही असेल, नाहीतर वीज बोर्डाचं. हे बोर्ड वेगळं. परभणीच्या त्या कार्यालयाच्या पाटीवर ‘जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय’ असं लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या फौजींनी ते नाव जिभेवर बसू दिलं नाही. त्यांच्या बापांनी, आज्यांनी ‘सोल्जर्स बोर्ड’ म्हटलं, त्यातलं इंग्रजी झिजून गेलं आणि बोर्ड तेवढं उरलं.

या बोर्डाचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहा, असं तालुक्यातल्या माजी सैनिक मंडळींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ‘अहो, मी फौजेत नव्हतो. माझा जन्म शाळेत गेला.’ त्यावर एक निवृत्त सुभेदार म्हणाले, ‘गुरुजी, इतकी वर्षं आमचे अर्ज कोण लिहितंय?’ याला उत्तर नव्हतं. म्हणून हा इतिहास एका अर्जनविसानं लिहिलेला आहे असं समजावं. त्यात लढाया कमी आणि कागद जास्त येतील, ही सूचना आधीच देतो.

संस्थेचा इतिहास म्हटला की संस्थापक, अध्यक्षांची परंपरा, इमारतीची पायाभरणी असा क्रम ठरलेला असतो. इथं तो जमत नाही. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध जिल्हाधिकारी. अध्यक्षांची यादी द्यायची तर परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांचीच यादी छापावी लागेल, आणि ती त्यांच्या दालनात भिंतीवर असतेच. संस्थापकाचं म्हणाल तर हे बोर्ड कुणा एका माणसानं काढलेलं नाही. ते एका महायुद्धानं काढलं.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली. मराठा पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमिया आला. १९१६ साली कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमारीनं टेकीला येऊन शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. माणूस तिकडं अडकलेला आणि इकडं गावात बायको, म्हातारे आईबाप, बांध कोरणारे भाऊबंद आणि दारात बसलेला सावकार. मनीऑर्डर आली नाही तर विचारायचं कुणाला, माणूस गेला तर कळवायचं कुणी, हात किंवा पाय गमावून परत आला तर त्यानं करायचं काय, हे प्रश्न पलटणीच्या कचेरीत सुटणारे नव्हते. १९१९ च्या सप्टेंबरात सरकारनं ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन केलं आणि त्याच्या हाताखाली, जिथं भरती जास्त तिथं आधी, जिल्ह्याची मंडळं उभी राहू लागली. यात निव्वळ दयाबुद्धी होती असं मानायचं कारण नाही. गावच्या पारावर बसलेला पेन्शनर समाधानी असला तर पुढच्या भरतीला चार पोरं मिळतात, आणि तो रडत बसला तर एकही मिळत नाही, एवढं सरकारला कळत होतं.

अपंग सैनिकांचा प्रश्न मुंबईत त्याआधीच हाती घेतला गेला होता. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये जखमी सैनिकांना हातची विद्या शिकवणारी एक शाळा काढली. राणी मेरीचं नाव असलेली ती संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून तिनं वयाची शंभरी ओलांडली. एक हात असलेला माणूस कोणतं यंत्र चालवू शकेल आणि पाय नसलेला कोणत्या बाकावर बसून काम करील, याचा विचार आपल्याकडं कुणी पद्धतशीरपणे केला असेल तर तो तिथं.

पण बोर्ड निघण्याआधी फौजेतून परतलेली मराठी माणसं गप्प बसली होती असं नाही. दापोलीला गोपाळबाबा वलंगकर होते. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी बंदुकीऐवजी लेखणी धरली. ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका त्यांचीच. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा माजी सैनिकांच्या वतीनं सरकारकडं अर्ज गेला, त्यामागंही तेच होते. माझ्या मते मराठीतला माजी सैनिकांचा पहिला सामुदायिक अर्ज तोच, म्हणून त्या अर्जाला या इतिहासात मानाची जागा द्यायला हवी. सुभेदार रामजी सकपाळ त्याच काळातले. पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब घेऊन दापोलीला राहिले, पुढे साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. सुभेदाराची पेन्शन मिळत असूनही दुसरी नोकरी शोधावी लागली, कारण पोरं शिकायची होती. त्यातला धाकटा भीमराव. निवृत्त सैनिकाच्या दुसऱ्या नोकरीतून काय निघू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. परभणी जिल्ह्यातच असलेल्या हिंगोलीला हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती. ती फौज पगार निजामाचा खाई आणि हुकूम इंग्रजांचा पाळी. १९०३ मध्ये तिचं वेगळेपण संपलं आणि ती इंग्रजी फौजेत मुरून गेली. (हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कागदांत हिंगोली आणि परभणी एकाच दप्तरात सापडतात.) इंग्रजी फौजेतून परतलेल्याची आणखी एक अडचण होती, जी साताऱ्या-रत्नागिरीच्या माणसाला कधी कळली नसती. त्याची पेन्शन कलदार रुपयांतली आणि गावचा बाजार हाली शिक्क्याचा. सहा कलदार म्हणजे सुमारे सात हाली. हिशोब न कळणाऱ्याला अधल्यामधल्यांनी किती कापलं असेल, ते आता कोण सांगणार?

साताऱ्या-कोल्हापूरसारखी घरटी एक फौजी अशी परंपरा मराठवाड्यात नव्हती. तिकडं अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, शिरोळ तालुक्यात ‘सैनिक टाकळी’ आहे. आपल्याकडं गावात एखादाच. याचा परिणाम बोर्डाच्या कामावर झाला. जिथं पारावर दहा पेन्शनर बसतात तिथं कागदाची माहिती आपोआप फिरते. जिथं एकटाच आहे तिथं त्याला विचारायला माणूस नसतो. त्याचं गावातलं नाव मात्र मोठं. शिपाई म्हणून निवृत्त झाला तरी गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. बोर्डात गेल्यावर टेबलापलीकडं खराखुरा मेजर किंवा कर्नल बसलेला भेटला की आमच्या मेजरची जरा पंचाईत होते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांपर्यंत फुगली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि ज्यांना फौजेचं दार बंद झालं होतं त्यांना ते पुन्हा उघडलं. युद्ध संपलं तसे लाखो लोक घरी पाठवायची वेळ आली. त्यासाठी १९४५ च्या जुलैत सरकारनं पुनर्वसन आणि रोजगाराचं एक नवं खातं काढलं आणि शहरोशहरी नोकरी नोंदणीची कार्यालयं उघडली. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत आलो, ज्याचं कार्ड दहावी झालेल्या प्रत्येक पोराच्या खिशात एके काळी असायचं, ते मुळात सुट्टी झालेल्या सैनिकांसाठी निघालेलं दुकान. पुढं त्याच्या रांगेत सगळा देश उभा राहिला आणि ज्याच्यासाठी दुकान उघडलं तो गिऱ्हाईक गर्दीत मागं सरकला. वर्गात हे सांगितलं की पोरांचा विश्वास बसायचा नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. निजामाची फौज विसर्जित झाली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तिकडं दिल्लीत नौदल आणि हवाई दलाची माणसं जमेस धरून बोर्डाचं नाव सैनिक, खलाशी आणि वैमानिक असं लांबत गेलं आणि १९७५ मध्ये ‘केंद्रीय सैनिक बोर्ड’ असं आटोपशीर झालं. राज्यात सामान्य प्रशासन विभागाच्या हाताखाली सैनिक कल्याण विभाग, त्याचं मुख्य कार्यालय पुण्यात घोरपडीला, आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, अशी आजची घडी आहे.

माझी आणि बोर्डाची ओळख मात्र कागदी झेंड्यांमुळं झाली. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासूनचा. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे: लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून प्रत्येक खात्याला निधीचा इष्टांक ठरवून यायचा, खात्याकडून शाळेला आणि शाळेत तो माझ्या गळ्यात. मुलांच्या शर्टाला टाचणीनं झेंडे लावायचे, आठाणे-रुपया गोळा करायचा, उरलेले झेंडे मोजून परत करायचे. पहिल्या वर्षी चाळीस झेंडे कमी भरले. पोरांनी दोन-दोन लावले होते. ते पैसे मी भरले आणि पावती बोर्डाच्या नावानं आली. हा निधी कुठं जातो हे पाहायला म्हणून मी परभणीला गेलो, आणि तिथं बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं ‘बाबा, एवढं वाचून दाखव’ म्हणून कागद पुढं केला. तेव्हापासून हे काम मागं लागलं ते आजतागायत.

निधी कुठं जातो, तर विधवांच्या मुलींच्या लग्नाला, मुलांच्या शिष्यवृत्तीला, राज्यभरातल्या सैनिकी मुलामुलींच्या वसतिगृहांना, आणि ज्यांना पेन्शनच नाही अशा म्हाताऱ्यांना. पेन्शन नसलेले फौजी कसे, असं पुष्कळ लोक विचारतात. पेन्शनला जवानाची किमान पंधरा वर्षं भरावी लागतात. महायुद्ध संपल्यावर ज्यांना दोन-चार वर्षांत घरी पाठवलं, त्यांच्या हाती पदकं आणि डिस्चार्ज बुक याशिवाय काही नव्हतं. त्यांना आणि त्यांच्या विधवांना पुढं राज्य सरकारनं मानधन सुरू केलं. पासष्टी उलटलेल्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना केंद्राच्या निधीतून महिन्याला चार हजार रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार झाले. या आकड्यावर वाद घालता येईल. पण ज्याचं दुसरं कुठलंच उत्पन्न नाही त्याच्याशी तो वाद घालायला मी जाणार नाही.

आता खरं काम.

बोर्ड नोकऱ्या देतं, असा समज घेऊन पुष्कळ लोक येतात. बोर्ड नोकऱ्या देत नाही. पेन्शनही बोर्ड देत नाही. ती मंजूर व्हायची अलाहाबादच्या लष्करी पेन्शन कार्यालयातून. ‘अलाहाबादेहून कागद आला नाही’ हे वाक्य आपल्या तालुक्यातल्या विधवा इतक्या सवयीनं म्हणायच्या की गावातल्या पोरांना अलाहाबाद म्हणजे कुणी माणूस वाटायचा. मग बोर्ड करतं काय? बोर्ड दोन दप्तरांमधलं भाषांतर करतं. एक दप्तर फौजेचं: सर्व्हिस नंबर, रेकॉर्ड ऑफिस, पार्ट टू ऑर्डर (लग्न, जन्म अशा घटनांची पलटणीतली नोंद), पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश). दुसरं दप्तर गावचं: सातबारा, फेरफार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. फौजेतून सुटलेला माणूस पंधरा-वीस वर्षं पहिल्या दप्तरात जगलेला असतो. गावी आल्यावर त्याला दुसऱ्यात जगायचं असतं. आणि या दोन दप्तरांत तो एकच माणूस असेल याची खात्री नसते.

उदाहरण सांगतो. गोदावरीच्या पलीकडच्या एका गावातल्या बाईंचे यजमान नाईक म्हणून निवृत्त झालेले. ते वारले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला तर उत्तर आलं की नोंदीतल्या पत्नीचं नाव जुळत नाही. झालं होतं असं की लग्नानंतर नवऱ्यानं पलटणीत कळवलं ते बायकोचं माहेरचं नाव, त्याला तेच तोंडात बसलेलं. इकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव दुसरंच. रेशन कार्डावर, मतदार यादीत, बँकेत सगळीकडं हे दुसरं. त्यात भर म्हणजे धाकट्या मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर कधी झालीच नव्हती. त्या काळात नवरा सरहद्दीवर होता आणि रजेवर आला तेव्हा विसरला. म्हणजे फौजेच्या लेखी त्या माणसाला दुसरीच बायको आणि एकच मूल. बाई माझ्यापुढं बसून म्हणाल्या, ‘गुरुजी, मी कोण म्हणायची मग?’

जनाबाईंच्या गावात हा प्रश्न ऐकताना मला जरा चमकल्यासारखं झालं. जी बाई आपल्याला नामदेवांच्या घराच्या नावानंच ठाऊक आहे, तिच्या गंगाखेडात. असो. अशा प्रकरणात शपथपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला, शाळेचा निर्गम उतारा, जुना जोडीनं काढलेला फोटो सापडला तर तो, हे सगळं बोर्डातून शिफारशीसह रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथं नोंद सुधारते, मग दुरुस्तीचा पीपीओ निघतो. त्या बाईंना थकबाकीसह पेन्शन सुरू झाली तेव्हा पहिला अर्ज केल्याला चौथं वर्ष लागलं होतं. चूक कुणाची म्हणाल, तर ताटात तांदूळ पसरणाऱ्याची, असंच म्हणावं लागेल.

तेव्हापासून आमच्या मेळाव्यात एक गोष्ट मी नेमानं सांगतो. नोकरीत असतानाच, रजेवर आलेल्या जवानानं बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि नॉमिनीची नोंद आधार कार्डाशी ताडून पाहावी. तरुण पोरं हसतात. त्यांना वाटतं, म्हातारपणाचा विषय.

या सगळ्यात जो माणूस बोर्डाला तालुक्यापर्यंत आणतो त्याचा हुद्दा ‘कल्याण संघटक’. हे पद कागदावर लहान आहे. संघटक स्वतः निवृत्त फौजी, ठरल्या दिवशी तालुक्याच्या गावी येतो, आणि ज्यांना परभणीपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर जड जातात ते लोक त्याला गाठतात. सोनपेठ, पालमकडची माणसंही इथं आलेली मी पाहिली आहेत. ज्याला नव्वदीच्या घरातल्या सुभेदाराशी कसं बोलायचं आणि पंचविशीतल्या वीरपत्नीशी कसं, हे दोन्ही कळतं, असा संघटक मिळाला की तालुक्याचं नशीब. कुणाला वीरगती प्राप्त झाली तर गावात पहिला पोचणारा सरकारी माणूस पुष्कळदा हाच असतो. पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, तेराव्यानंतर, कागदाची पिशवी घेऊन परत येणाराही हाच. सासू आणि सून यांच्यात पेन्शनवरून ताण सुरू होतो तो याच सुमाराला. त्या वेळी दोघींना वेगवेगळं बसवून काय बोलायचं, हे कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

नोकरीबद्दल थोडं, कारण तो विषय टाळून चालणार नाही. जवान पस्तिशी ते पंचेचाळिशीत सुटतो. देशभरातून दर वर्षी सुमारे साठ हजार सुटतात. मुलं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर, आणि पेन्शन पुरी पडत नाही. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्याला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरतात, हा नियम ज्याला लागू होतो त्यालाच बहुधा माहीत नसतो. एवढं असूनही जागा रिकाम्या राहतात. स्पर्धा परीक्षेचा पेपर आणि वीस वर्षांपूर्वी सुटलेली अंकगणिताची वही यांच्यातलं अंतर आरक्षणानं मिटत नाही. शेवटी पुष्कळ जण बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहतात. सुरक्षा रक्षकांची ही मागणी पाहूनच २००२ मध्ये राज्य सरकारनं माजी सैनिकांचं महामंडळ काढलं, ते मेस्को. त्यामुळं काम मिळतं, पगार वेळेवर होतो, ही लहान गोष्ट नाही. तरीही रेडिओ सेट खोलून जोडणारा किंवा रणगाड्याचं इंजिन दुरुस्त करणारा माणूस एटीएमच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला पाहिला की मला आमच्या संपूर्ण हिशोबात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

कसब ओळखलं तर काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई शाखेत होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पुढं त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पदकाची गोष्ट आता सिनेमामुळं सगळ्यांना माहीत झाली आहे. मला त्यातली नोकरीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण पोहून पोट भरत नाही.

गंगाखेडचा फौजी मात्र शेवटी शेतात येतो. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन नाहीतर कापूस, भावानं इतकी वर्षं केलेली. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे चोवीस आठवड्यांपर्यंतचे अभ्यासक्रम असतात, पण त्यातून शिकून आलेलं आणि काळ्या रानात लागणारं यांचा मेळ बसेलच असं नाही. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, बोर्डही तिथंच. एका गावात असून या दोन्ही ठिकाणी एकाच फेरीत जाणारा माजी सैनिक मला क्वचितच भेटला. जो भेटला त्यानं बांधावर आंब्याची कलमं लावली, तीही पलटणीतल्यासारखी ओळीत, दोरी लावून. गाव हसलं. पण झाडं जगली, कारण त्यानं पाणी घालायची वेळही घड्याळ लावून पाळली.

अलीकडच्या काळात कामाचं स्वरूप भराभर बदललं. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएसची आरोग्य योजना आली. २०१५ मध्ये वन रँक वन पेन्शनचा आदेश निघाला, तो १ जुलै २०१४ पासून लागू. त्या वर्षी माझ्या ओट्यावर थकबाकीचे हिशोब मांडायला इतकी गर्दी व्हायची की घरचे वैतागले. २०२० मध्ये राज्य सरकारनं बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली सगळ्याच माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली. काही ग्रामपंचायतींत शासन निर्णयाची प्रत नेऊन दाखवावी लागली, दाखवली. आणि मग ‘स्पर्श’ आलं. पेन्शनचा सगळा कारभार संगणकावर गेला. अलाहाबादच्या जागी आता ओटीपी आला. बोटांचे ठसे झिजलेल्या आजीचं हयातीचं प्रमाणपत्र नोव्हेंबरात अंगठ्यावर निघत नाही, मग चेहऱ्यावर काढायचं, तर मोबाईलवर डोळे मिचकावायला सांगतात आणि मोतीबिंदूमुळं तिला कुठं बघायचं ते कळत नाही. नातू ओरडतो, ‘आजी, इकडं बघ, इकडं!’ हे काम आता सेवा केंद्रावरची पोरं करतात आणि माझ्यापेक्षा चांगलं करतात. माझा ओटा बराचसा मोकळा झाला आहे.

पण मेळाव्याला मी जातो. मागच्या मेळाव्यात पालमकडचा एक माणूस आला होता, स्वतः फौजी नव्हे. मुलगा अग्निवीर, छत्रपती संभाजीनगरच्या भरतीत निवडला गेलेला, पहिल्या तुकड्यांतला. २०२२ मध्ये ही योजना आली. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस कायम व्हायचे, बाकीचे सेवा निधी घेऊन घरी. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं, म्हणजे चार वर्षं भरत आली. अलीकडं फौजेतून परतणारा माणूस चाळिशीच्या आसपासचा असायचा. हा पंचविशीत परतणार. त्याचं लग्न अजून व्हायचं आहे, त्यामुळं बायकोच्या नावाचा घोळ तरी त्याच्या कागदात नसेल.

बापानं संघटकाला विचारलं, ‘साहेब, माझ्या पोराचं नाव तुमच्या बोर्डात लागंल का?’

संघटकानं वही उघडली. माजी सैनिकांचं पान होतं, विधवांचं होतं, वीरपत्नी-वीरमातांचं होतं. त्यानं थोडं मागंपुढं चाळलं, मग शेवटचं कोरं पान काढलं आणि त्यावर मुलाचं नाव, गाव, ट्रेड आणि परतण्याचा महिना लिहून घेतला. वर मथळा काय लिहायचा म्हणून पेन तसंच धरून माझ्याकडं पाहिलं.